ट्रेलर मागे घेताना

कुवेंपुनगर, म्हैसूर
१८ जानेवारी २०२५

प्रिय ईश्वरी,

आशीर्वाद. आम्ही ठीक, तुम्हीही हुबळीत ठीक असाल असं धरून चालते. सोबत संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तुमच्याकडचा तीळगूळ, आहे. यंदा खोबरं मी कापलं नाही, सगळं विकतचं आहे, तेव्हा नावं ठेवायची तर दुकानदाराला ठेव. फोन केला असता तर तू उचलला नसतास आणि मीही धीर न होऊन ठेवून दिला असता, म्हणून हे पत्र.

मुख्य बातमी अशी की मी ट्रेलर करवून घेतला. हसू नकोस. आपली छोटी मोटरबोट त्या दिवसापासून बिंदुमाधवांच्या शेतात पालथी पडून होती. बॅकवॉटरच्या काठचं ते शेत त्यांनी आता विकायला काढलंय. माणूस भिडस्त, "सावकाश न्या" म्हणाले. सावकाश म्हणजे लगेच, एवढं मला कळतं. बोटही विकून टाकू म्हटलं तर हे पानावरून उठले. मग दुसरा उपाय उरला नाही.

बंगळूरला तयार ट्रेलर मिळतात. देखणे असतात, पण मोठ्या बोटींच्या मापाचे. पाळण्यात काकडी निजवावी तशी आपली बोट त्यात दिसली असती. म्हणून लष्कर मोहल्ल्यात संताजीरावांच्या वर्कशॉपात गेले. त्यांची मराठी आपल्यासारखीच, निम्मी कन्नड. आधी ह्यांची चौकशी केली. "गुरुराजसार आले नाहीत काय, अम्मा? असू दे. एकदम गट्टी करून देतो, चिंते बेडा, काळजी सोडा," म्हणाले. तू माझी धाकटी जाऊ होऊन साताऱ्याहून आलीस तेव्हा इथे गट्टी म्हणजे मजबूत, हे ऐकून किती हसली होतीस! तुमच्याकडे गट्टी म्हणजे मैत्री.

गट्टी त्यांनी केला खरा, पण चाकं अगदी मधोमध बसवली, विटा वाहायच्या गाड्याला बसवतात तशी. बोटीचं इंजिन मागच्या टोकाला, वजन सगळं तिथे. टेम्पोतून आणलेली बोट वर चढवली आणि ट्रेलरचा पुढचा दांडा टुण्णकन हवेत! संताजीराव दांड्याकडे बघत राहिले, मी संताजीरावांकडे. दांड्याने गाडीच्या हुकावर थोडं दाबलं पाहिजे, नाहीतर रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा हलतो, हे मी वाचून गेले होते. ते त्यांच्या गळी उतरवण्यात दुपार गेली. शेवटी चाकं मागे सरकवली. आता दांडा मला दोन्ही हातांनी उचलता येतो, पण सहज नाही. तेवढाच भार हवा.

बोटीखाली रबरी रोलर घालायचे की लांब लाकडी पट्ट्या, यावरही वाद झाला. मी पट्ट्याच घ्यायला लावल्या. रोलर मोजक्या जागी टोचतात, आणि बोटीच्या तळाला पडलेली चीर नुकतीच भरून घेतली आहे. ती कशी पडली ते तुला मी काय सांगायचं.

गाडी हल्ली मीच चालवते. ट्रेलर मागे घेणं हा मोठा चमत्कारिक प्रकार आहे. तो डावीकडे जायला हवा तर स्टीअरिंग उजवीकडे फिरवायचं. सकाळी मैदानावर सराव करते, आणि शेजारच्या अलकाताई मागे उभ्या राहून सांगतात. त्या नाशिकच्या. मागच्या आठवड्यात त्या काहीतरी ओरडल्या आणि इंजिनाच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू आलं, "बा! बा!" आपल्या कन्नडला सरावलेल्या कानाला बा म्हणजे ये. मी आणखी मागे घेणार, एवढ्यात आरशात त्यांचा वर केलेला तळवा दिसला. थांबले. उतरून बघते तर चाकामागे उघडं गटार.

"अहो, बास बास म्हणून घसा फोडतेय मी!" त्या म्हणाल्या.

मी पुन्हा गाडीत जाऊन नुसती बसून राहिले.

त्या दिवशी बॅकवॉटरच्या उतारावर हे उसन्या ट्रेलरवरची बोट मागे घेत होते, तेव्हा तूही हेच ओरडत होतीस ना? हे आजवर सगळ्यांना सांगत आले, "ईश्वरीनंच बा म्हणून बोलावलं." तू म्हणत राहिलीस की मी बास म्हटलं. बोट दगडावर आपटली, तुझं मनगट मोडलं, आणि वर दोषही तुझ्याच पदरात. श्रीनिधीभावजींनी बदली मागून घेतली, भावाभावांतलं बोलणं थांबलं. तेव्हा मला वाटायचं, एका शब्दावरून कुणी एवढं तुटतं का?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, ऐकण्यात चूक झाली असेल, पण तिचा हात तर आरशात दिसला असेल? ह्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "हात दिसलाच नाही गं. उजवीकडचं मला दिसतच नव्हतं."

काचबिंदू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरीच वर्षं आतल्या आत चाललेलं असणार. बाजूचं गेलं ते परत येणार नाही. समोरचं उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं. कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ह्यांनी लपवलं याचा मला राग आला, अजूनही आहे. भीती त्याहून जास्त वाटते.

समोरचं दिसतंय तोवर ह्यांना एकदा पाण्यावर जायचं आहे. तसं म्हणाले नाहीत. लाकडी पट्ट्यांवर जुनी सतरंजी चिकटवत बसतात आणि विचारतात, "मागे कोण उभं राहणार?" मी अलकाताईंचं नाव घेतलं.

"त्या नकोत. ईश्वरी येईल का? तिला मी..." थांबले. "तूच विचार."

पुढचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. तिथे अडकलं होतं ते मला कळलं, तुलाही कळेल. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी भीड घालत नाही. मला मात्र तुझ्यावाचून करमत नाही, हे लिहून ठेवते.

पुढचा रविवार मोकळा ठेवला आहे. भावजींनाही आण. उतारावर थांबवायचं असेल तेव्हा आपलं साधं कन्नडातलं ‘साकु’, म्हणजे पुरे, ओरड, बासच्या वाटेला जाऊ नकोस. आणि हात वर कर. आरशात आता मी बघत असेन.

बा, ईश्वरी. या वेळी पुढचा ‘स’ ऐकायचा राहिलेला नाही.

तुझी,
विशालाक्षी