एका शब्दापायी गार झालेले रोडगे

॥ श्री ॥
मालेगाव, ता. ८ फेब्रुवारी १९३४

चिरंजीव जगदेव यास जानराव मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सारे खुशाल, फक्त तुह्या मामीचं डोकं फिरलं हाये अन् त्याले कारण तू.

बाप्पा, पोरगी पाहाले जाऊन काय करून बसला तू कामरगावले! पोरीच्या बापानं, रामरावानं, तुले एका इंग्रजी शब्दाचा अर्थ इचारला. गेट, दरवाजाचं नाई, जी-ई-टी वालं. मिळणे म्हणाचं अन् गप बसाचं. तू मांडी ठोकून जे सुरू झाला! मिळणे झालं, पोचणे झालं, समजणे झालं, उठणे झालं, मंग उतरणे अन् निसटणे. तेवढ्यानं भागलं नाई, तं शब्दाचं मूळ सांगाले कोण्या थंड मुलखातले दर्यावर्दी लोकं होडीत बसवून आणले.

त्या घरची रीत हाये, नवरदेवाची परीक्षा संपल्याबिगर पान वाढत नाईत. मी तुले डोळ्यानं खुणावून राह्यलो, खाकरून राह्यलो, तं तू इचारलं, मामा पाणी आणू का. तिकडं गवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे गार होऊन दगड झाले. पोरीचे आजोबा शालिग्रामबोवा भुकेल्या पोटी भिंतीले टेकून झोपले. जागे झाले तं इचारलं, लग्न लागलं काय.

काल कारंज्याचा पोरगा तिले पाहून गेला. त्यालेबी तोच शब्द इचारला. मिळणे म्हणाला अन् हात धुवाले उठला. रामराव लय खूश हाये. तुले पोरगी पायजे का नाई, ते सरळ लिव. लोभ हायेच, पण या खेपेस जरा पातळ हाये.

तुहा मामा,
जानराव


अमरावती, ता. ११ फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप मामांचे चरणी जगदेवचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि. मामीचं डोकं आता ठिकाणावर आलं असेल, अशी आशा आहे.

मामा, एकच अर्थ कसा सांगू? ताप आला तरी गेट, बक्षीस मिळालं तरी गेट, गाडीत चढा नाहीतर उतरा, गेट ते गेटच. आपलं लागणे घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आंबा गोड लागतो अन् लग्नही लागतं. त्याचा एक अर्थ तुम्ही तरी सांगाल का? आमचे मास्तर म्हणतात, हा शब्द त्या दर्यावर्द्यांनीच विलायतेत नेला अन् त्याचा मूळ अर्थ हाती धरणे. विसरण्याला इंग्रजीत फरगेट म्हणतात, त्यातही हाच दडला आहे. धरलेलं हातून सुटलं की विसरलं.

हे मी सांगत होतो तेव्हा बाकीचे आजोबांच्या घोरण्याला हसत होते. दाराआड पंचफुला मात्र परात धरून तशीच उभी होती, ऐकत. मामा, लाज सोडून लिहितो, मले तीच पायजे. कारंज्याच्या पोराले ती दिली तर माझं मन अभ्यासात राहणार नाही. माझी जीभ लांब आहे, कबूल. रामरावांना म्हणावं, पुन्हा एकदा परीक्षा घ्या. लेकरावर दया असावी.

आपला आज्ञाधारक,
जगदेव


मालेगाव, ता. १६ फेब्रुवारी १९३४

चि. जगदेव यास आशीर्वाद. वि. वि. तुह्यापायी दमणीले बैल जुंपून कामरगावले गेलो. कमरेचं पार भुसकट झालं. लागण्याचं तू जे लिवलं ते रामरावाले वाचून दाखवलं. तो हसला, पण हटला नाई. त्याची अट अशी, एक कार्ड टाकाचं, तोच शब्द, अर्थ एका ओळीत. कार्डाच्या कडेनं आडवंउभं लिवलेलं दिसलं का सुपारी कारंज्याले जाईन. तवा बावा, ते दर्यावर्दी घरीच ठेव. मामी म्हणते, कार्ड टाकाच्या आधी पोटभर जेव, म्हणजे हात आवरन. माया हाये म्हणून बजावतो.

जानराव


अमरावती, ता. २० फेब्रुवारी १९३४

राजमान्य राजश्री रामरावजी यांस जगदेवचा सा. न. वि. वि.
गेट म्हणजे मिळणे.
कृपा असावी.


मालेगाव, ता. २७ फेब्रुवारी १९३४

चि. जगदेव यास मामा-मामीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुहं कार्ड रामरावानं साऱ्या आळीले दाखवलं. म्हणे, पोट्टा सुधारला. घरात मात्र भलतंच झालं. पंचफुला गावच्या शाळेत चौथी शिकेल हाये. तिनं कार्ड वाचलं, मागून-पुढून पाह्यलं, अन् रुसून बसली. एवढं तं कारंज्यावालाबी सांगून गेला, म्हणे. बाकीचं कुठं गेलं? बापानं लय समजावलं, पण पोरगी ऐकाले तयार नाई. शेवटी त्यानंच हात टेकले. म्हणाला, ऐकाचं तिले हाये तं ऐको बापा.

लगन वैशाखात धरलं हाये. मले लय आनंद झाला रे पोरा, मामीनं तं डोळे पुसले. पंचफुलानं मायले आत्ताच सांगून ठेवलं हाये, घरची रीत राहू द्या बाजूले, आधी पंगत उठू द्या, मंग नवरदेवाले तोंड उघडू द्या. उरलेले अर्थ ती सवडीनं ऐकणार हाये. तवा आता जे हाती आलं ते धरून ठेव.

अन् हो, शालिग्रामबोवाचा खास निरोप हाये. तुहे दर्यावर्दी होडीत बसले अन् बोवाचा डोळा लागला. ते मंग पोचले का नाई, इचारून राह्यले. याचं उत्तर तेवढं एका ओळीत लिव. आता लोभ पयलेसारखा दाट हाये.

तुहा मामा,
जानराव