मेडरूममधला झेंडू

प्रिय तनिष,

तुझा मित्र निनाद परवा टोरांटोला परत निघालाय. त्याच्या हाती थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि हे पत्र देते आहे. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. रोज व्हॉट्सॲपवर बडबड करणारी आई एकदम कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. तेही सांगते, पण आधी तुझ्या बाबांचे प्रताप ऐक.

तू तिथे गांजाच्या सरकारमान्य शेतीत नोकरी धरलीस, तेव्हापासून ते तुझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तू पंखे, डक्ट आणि कोळशाचे फिल्टर बसवतोस, आतला वास गावात जाऊ देत नाहीस, एवढंच तुझं काम, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. पण या आखाती देशात त्या वस्तूचं नुसतं नाव निघालं तरी माणसं आधी मागे वळून बघतात, आणि बाबांचं अर्धं आयुष्य इथेच गेलं. शारजात हमरियाच्या फॅक्टरीत एसीचे डक्ट बनवताना ते सगळ्यांना सांगायचे की माझा मुलगाही हीच विद्या शिकतोय. त्या विद्येचं तू हे केलंस, असं त्यांच्या मनाने घेतलं. तुम्हा दोघांच्या मध्ये बसून मी फार थकले रे, हे एकदा स्पष्टच लिहिते.

इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की बाबा सांगायचे, तनिष फुलांच्या कंपनीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मंडळाच्या अध्यक्ष साधनाताईंपुढे कुठलीच मूठ फार वेळ झाकलेली राहत नाही. यंदा दसऱ्याच्या तयारीच्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर करून टाकलं की दुबईच्या मीना बाजारची शिळी फुलं आता बस, मुलगा फुलांच्या कंपनीत आहे तर मुरलीधरराव घरीच झेंडू काढतील. बाबांना ना हो म्हणता येईना, ना नाही. शेवटी म्हणाले, इन्शाल्ला. इथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असा होतो, पण साधनाताईंनी तो हो असा लिहून घेतला.

मग काय, भर ऑगस्टात, कधी कामवाली न राहिलेली आपली मेडरूम रिकामी झाली. तुझी क्रिकेटची किट, माझी शिलाई मशीन, सगळं हॉलमध्ये. आत काळा तंबू, जांभळे दिवे, कुंड्यांची रांग. बाहेरची ताजी हवा आत ढकलायला एक दणकट पंखा आणि आतली हवा बाहेर काढायला एक लहान, त्याला कोळशाचा फिल्टर. फिल्टर लावताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तो कुणाच्या कामातला हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

झेंडूचा वास आपल्याला फुलांसकट माहीत असतो. फुलं यायच्या आधी नुसत्या पानांचा, तोही बंद खोलीतला, वास कसा असतो ते मला पहिल्यांदाच कळलं. उग्र, हिरवा, नाकात चढणारा. बाबा रोज शेंडे खुडायचे आणि रोज तो वास दाराखालून निघून सगळ्या पॅसेजमध्ये पसरायचा. समोरच्या कुलसुमभाभींनी आधी हसत विचारलं की कुठला काढा उकळताय. मग त्यांनी हसणं बंद केलं. खालून कुणीतरी आपल्या खिडकीतला जांभळा उजेड बघितला आणि एके दिवशी वॉचमन हनीफ दारात उभा राहिला. फार अदबीने म्हणाला, “साब, बिल्डिंग में लोग पूछ रहे हैं, अंदर क्या उगा रहे हो.”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. हनीफला आत नेऊन एकेक कुंडी दाखवली, पण झाडावर एकही फूल नाही, तर तो तरी कसा ओळखणार? तो गेल्यावर बाबा म्हणाले, उद्याच सगळं उपटून टाकतो. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

आता तुला आठवेल. मी तुला फोन करून विचारलं होतं की बांगडा तळल्यावर वास पॅसेजमध्ये जातो, काय करू. बांगडा-बिंगडा काही नव्हता रे. आणि तू सगळं विचारून घेऊन इंग्लिशमध्ये म्हणालास, “आई, मोअर आउट दॅन इन. सिंपल.”

मी जेवताना जणू माझंच डोकं चालल्यासारखं म्हटलं की आत कमी हवा घ्या आणि बाहेर जास्त काढा. बाबांचा घास हातातच राहिला. इथल्या ऑफिसांत, मॉलमध्ये त्यांनी जन्मभर उलटंच केलेलं. आत हवा जास्त भरायची, म्हणजे वाळू आणि दमट उष्मा फटीतून आत शिरत नाही. तोच हात मेडरूममध्येही फिरला होता, आणि फटीफटीतून वासच बाहेर ढकलला जात होता, फिल्टरला वळसा घालून. ते उठले, दणकट पंखा काढून बाहेरच्या तोंडाला, फिल्टरवर लावला, लहान पंखा बंदच केला. मग दाराच्या फटीशी उदबत्ती धरली. धूर सरळ आत ओढला गेला. किती तरी वेळ ते तसेच उकिडवे बसून बघत होते. आयडिया कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हवेबद्दल मी त्यांना कधी एक वाक्य ऐकवलं नव्हतं.

झेंडू असा फुलला म्हणून सांगू. पहिली टोपली कुलसुमभाभींना, दुसरी हनीफला. दसऱ्याला मंडळाच्या हॉलभर तोरणं लागली आणि साधनाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या की शेवटी फुलांच्या कंपनीतला मुलगा कामाला आला. बाबा उभे राहिले. मला वाटलं, आभार मानतील.

“तनिष फुलांच्या कंपनीत नाही,” ते म्हणाले. “तो तिकडे गांजाच्या शेतीचं व्हेंटिलेशन बघतो. सरकारमान्य. माझी झेंडूच्या खोलीत हवेची चूक झाली होती, ती त्याने तिथून दुरुस्त केली.”

हॉलमधले सगळे आधी मागे वळून बघायला लागले. मग मंडळातले राजाभाऊ शांतपणे म्हणाले, “म्हणजे एसीवालाच की. बापासारखा.” सगळे हसले, जीव भांड्यात पडला. साधनाताईंनी तुझ्याबद्दल एवढंच विचारलं की तिकडे कायमचं राहायला पीआर मिळाला का.

आता पत्राचं कारण. बाबा हल्ली कॅनडाच्या व्हिजिट व्हिसाची माहिती काढतायत. विचारलं की म्हणतात, सहज बघतोय. परवा मला म्हणाले, असल्या ठिकाणी बाहेरच्या माणसाला आत सोडतात का गं? तुला ते विचारणार नाहीत, मरेपर्यंत विचारणार नाहीत, आणि मी फोनवर बोलते तेव्हा कान देऊन शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे लिहिलं. तू फोन कर, माझ्या नंबरवर नको, त्यांच्या. म्हण, बाबा, माझ्या एका खोलीची हवा काही केल्या नीट बसत नाहीये, येऊन बघाल का. खोटं असलं तरी चालेल. ते लगेच फोन माझ्याकडे द्यायला उठतील, तेव्हा घाई कर आणि सांग, आईला नको, काम तुमच्याशी आहे.

त्यांच्या नकळत लिहिणारी, तुझीच
आई