पुढचा शब्द निवडा

३ नोव्हेंबर, सोमवार
निपाणीत रुजू झाले! बेळगावजवळच्या सांबऱ्याहून रोज ये-जा झेपणार नाही, म्हणून केंद्राच्या मागचीच खोली घेतली. जुन्या तंबाखूच्या वखारीत थाटलेलं हे कविता केंद्र. भिंती रंगवल्यात, तरी वास जात नाही; दिवसभर शिंकतेय. काम मात्र मजेचं. केंद्र चालवणाऱ्या मंथन सरांची कविता मोठ्या पडद्यावर असते. वाचकानं पडद्यावर किंवा स्वतःच्या मोबाईलवर एक शब्द दाबायचा. त्या शब्दाची ओळ एका बाईच्या आवाजात ऐकू येते आणि पुढच्यासाठी दोन शब्द उमटतात. कविता वाचकच पुढे नेतात. मी लोकांना ते शिकवायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आवाज कुणाचा ते कळलं. मालुबाई नावाची विडी कामगार आली होती. तिची आई यल्लव्वा विड्या वळता वळता ओव्या रचायची. सरांनी त्या रेकॉर्ड केल्या आणि स्वतःची कविता म्हणून मांडल्या. म्हातारी उन्हाळ्यात खोकून खोकून गेली. मालुबाई एवढंच म्हणाली, "माझ्या आईचं नाव तेवढं घाला की, सर." आवाज तिचा असला तरी कविता माझी, असं सरांनी सुनावलं. मालुबाई पडद्यापाशी गेली. पडद्यावरचा एक शब्द दाबला, आईला ऐकलं आणि गेली. मला लई वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार
आज गर्दी. एका मुलीनं 'हात' निवडला. आवाज आला : 'माझी ओवी चोरली, त्यो हात वाळू दे.' ही ओळ रेकॉर्डिंगमध्ये नाही, मी सगळं ऐकलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी सरांच्या हातून चहाचा कप पडला. उजवा हात उचलेना.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कुणीतरी 'जीभ' निवडली. भाषण करता करता सर गप्प झाले. नुसतं तोंड हलत होतं.
मी कवितेवर यल्लव्वाचं नाव घातलं. लगेच पुसलं गेलं. आवाज आला : 'आता कशाला?'
मालुबाईच्या घरी धावले. ती सुपात पानं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी काय केलं न्हाय बाई. बोटं लोकांची हायत."

१२ नोव्हेंबर
पडद्याची वायर काढली. उपयोग नाही. लोक मोबाईलवर दाबताहेत — बेळगावातून, कोल्हापुरातून — लिंक सगळीकडे गेलीय. मीच शिकवलं सगळ्यांना.
सर दवाखान्यात. छातीत तंबाखूची धूळ भरलीय म्हणे. त्यांनी कधी विडी ओढली नाही.

१३ नोव्हेंबर
कविता माझ्या मोबाईलवर आपोआप उघडली. दोन शब्द — 'धर', 'सोड'.
सोड. सोड त्यांना, यल्लव्वा. दाबला.
'सोडला गं बाई, सोडला त्यानं श्वास —'
सरांच्या बायकोचा फोन. नुसतं रडणं —
मी वाचवायला गेले होते — मी —
नवे शब्द आलेत. दोन्ही जागी एकच. 'रचना'.
माझं नाव.
मी हात लावणार नाही. पण तिकडं कुणीतरी वाचक — त्यानं तो दाब