काटा शून्यावर आहे, सबब रविवारी येणं नाही

ती. दादा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी मला नीट कळलं नाही, कारण तुम्ही सांगत होतात तेव्हा तुमची बहीण रिसीव्हर ओढत होती. वहिनींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. आबांसाठी खोली रंगवून घेतलीत, नवा पलंग घेतलात, हेही कळलं. इकडे माणसं सगळी ठणठणीत आहेत. आजारी आहे ती गाडी. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे, आबाही बाहेरच्याच खोलीत असतात, आणि फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही (मनाला लावून घेऊ नका, ते तुमच्या घराण्यातच आहे).

येत्या रविवारी मी आबांना, त्यांच्या आरामखुर्चीसह आणि हत्यारांच्या पेटीसह, आमच्या गाडीतून तुमच्याकडे कायमचं राहायला घेऊन यायचं असं ठरलंय. ठरलंय म्हणजे तुम्ही ठरवलंत. सासूबाई गेल्यावर ते चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आले आणि राहिले. थोरला मुलगा असताना वडिलांनी जावयाकडे किती दिवस काढायचे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी मान हलवली होती. मान हलवण्यापलीकडे जावयाला फारसं काही करता येत नाही. पण मध्ये काटा आला.

काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा, इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा. आमची गाडी जुनी असल्यामुळे तिला हे सगळे काटे आहेत. मी ती इतकी वर्षं चालवतोय, पण त्या काट्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकदा आबांना दाढी करायला घेऊन निघालो होतो. आबा तेव्हा आमच्याकडे नुसते बसून असायचे. खिडकीशी खुर्ची, तोंड बाहेर, आणि काहीही विचारलं तर उत्तर 'हं'. भाजी बरी झालीय का, हं. पंखा लावू का, हं. तर त्या दिवशी कोपऱ्यावर वळताना आबा एकदम म्हणाले, "थांबवा." मला वाटलं, त्यांना काहीतरी होतंय. मी घाबरून गाडी बाजूला घेतली. आबांनी बोटाच्या पेराने त्या काट्याच्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाले, "जावईबापू, काटा शून्यावर आहे. यंत्र बंद करा."

आता तुम्हाला मी काय सांगणार? साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस. काटा शून्यावर असताना यंत्र चालवणं हे त्यांच्या लेखी उघड्या डोळ्यांनी विहिरीत चालत जाण्यासारखं. आम्ही दोघांनी गाडी ढकलत घरी आणली. (दोघांनी म्हणजे ढकलली मी. आबा शेजारून चालत सूचना देत होते. दाढी तशीच राहिली.) पण दादा, त्या रात्री ते जेवताना बोलले. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा कामगार दोघं मिळून काटा कसा मोठ्याने वाचत, न वाचता निघून गेलेल्या एकाला साहेबांनी फाटकावरून कसं परत आणलं, हे सगळं सांगत होते. तुमची बहीण पोळी हातात धरून नुसती ऐकत बसली होती.

मग सुरू झाला तपास. पहिल्यांदा तेल कमी असेल म्हणून पट्टी काढून पाहिली, तर तेल भरपूर. आबांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवायला लावली, उजेडात धरायला लावली, वास घ्यायला लावला. मी वास घेतला. (तेलाचा येत होता.) मग मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेले गृहस्थ. गाडीची काच खाली होत नसली तरी 'इंजिन उतरवून बघू' असं म्हणणारे. त्यांनी दोनदा इंजिन सुरू केलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, इंजिन उतरवून बघू. आबा म्हणाले, आधी काटा खोटा बोलतोय की इंजिन, ते ठरवा. मिस्त्रींनी नाराजीने इंजिनावरचा सेन्सर काढून तिथे हातातला मीटर जोडला. दाब अगदी व्यवस्थित. इंजिन उतरवायची संधी गेल्यामुळे मिस्त्रींचा चेहरा जो पडला, तो पाहून मलाच वाईट वाटलं.

म्हणजे खोटा बोलत होता काटा. यावर आबांचं मत असं पडलं, की सेन्सर गेलाय. नवा आणला. दोन दिवस काटा मध्यावर राहिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. मग आबांचं मत, काटाच गेलाय. डॅशबोर्ड उघडला. तो बंद करताना तीन स्क्रू उरले, ते आबांनी 'जास्तीचेच असतात' म्हणून पेटीत टाकले. तेव्हापासून खड्ड्यातून जाताना डॅशबोर्ड टाळ्या वाजवतो. काटा शून्यावरच. मी म्हटलं, जाऊ द्या आबा, इंजिन तर ठीक आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने पाना हातात घेतला.

तपासात एक गोष्ट मात्र शिकलो, ती तुम्हालाही लहानपणापासून माहीत असेल. जे काही सुटं करायचे, त्याच्या टोकाला आबा कापडाची चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधायचे. विचारलं तर म्हणाले, बॉयलरवर हा नियम होता. चिंधी नसली तर ते आपोआप निसटलंय, खुशाल जोडा. चिंधी असली तर कुणीतरी जाणूनबुजून काढलंय. मग ज्याने बांधली, त्यालाच विचारून सोडायची. साहेबसुद्धा विचारायचे म्हणे.

शेवटी दोष सापडला तो तुमच्या बहिणीला. ती चहा घेऊन खाली आली, बोनेटमध्ये वाकली आणि म्हणाली, ही वायर अशी लोंबतेय, ती कुठली? सेन्सरवर बसणारी वायर. तिची टोपी सैल झाली होती, हादरा बसला की निसटायची. आबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि आम्ही चहा प्यायला लागलो. आबांनी टोपी पकडीने दाबून घट्ट बसवली. इंजिन सुरू केलं, काटा मध्यावर. आबा म्हणाले, "वाचा." मी मोठ्याने म्हटलं, "मध्यावर." ते म्हणाले, "मध्यावर. बरोबर." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या लग्नानंतरची ही पहिली.

हे सगळं इतकं लांबण लावून लिहायचं कारण, आज संध्याकाळी काटा परत शून्यावर आला. तेव्हा रविवारी आम्हाला येता येईल असं दिसत नाही. माझा नाइलाज आहे. वहिनींना सांगा, पलंगावर तोवर कपड्यांच्या घड्या ठेवायला हरकत नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. दादा, वर लिहिलेलं खरं आहे, पण पुरतं नाही. काटा दुरुस्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा परत खिडकीशी जाऊन बसले. भाजी, हं. पंखा, हं. मला ते बघवेना. म्हणून काल मीच खाली जाऊन वायर काढली. काटा पडलाय म्हटल्यावर ते चष्मा शोधत उठले, तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री विचार केला, की वडील तुमचे आहेत, खोली तुम्ही हौसेने रंगवलीय, मी मध्ये वायर काढणारा कोण? आता सकाळी जाऊन वायर जोडून आलोय. काटा मध्यावर आहे. तेव्हा वरचं पत्र रद्द समजा. रविवारी येतो.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी गाडीत हवा भरून आणावी म्हणून खाली गेलो, इंजिन सुरू केलं. काटा शून्यावर. बोनेट उघडलं. वायर निघालेली होती आणि तिच्या टोकाला निळ्या कापडाची चिंधी, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. कापड आबांच्या जुन्या कामाच्या शर्टाचं होतं. वर आलो. आबा खिडकीशी बसले होते, पण तोंड आत होतं. मी म्हटलं, आबा, वायरला चिंधी आहे. ते म्हणाले, "मग नियम माहीत आहे ना?" मी माहीत आहे म्हटलं. ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही." मग पंखा लावायला सांगितला.

ता. क. ३. तुम्ही म्हणाल, मीच माझी नवी गाडी घेऊन येतो न्यायला. जरूर या. पण तुमच्या गाडीला काटा नाही, नुसता लाल दिवा आहे, हे आबांना कुठूनतरी कळलंय, आणि दिवा लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, अशा गाडीत आपण पाय ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलंय. तरीही या. दोघंही या, चार दिवस राहा. जिना बेताचा आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. आबा तुमची आठवण काढतात, हत्यारं पुसताना तर हमखास. वायर मी जोडणार नाही. चिंधी त्यांनी बांधलीय, तुम्ही येऊन त्यांनाच विचारा.