थोरलीचं नाव कायम

३ मार्च

आलो एकदाचे. गाव बरं आहे, म्हणजे गावाला स्वतःला तसं वाटतं. संग्रहालयाच्या मागेच आम्हाला घर दिलंय: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक ओलसर बाग. बागेच्या भिंतीवर गोगलगाईच गोगलगाई. बायकोने नाक मुरडलं, मुली मात्र सामान उतरायच्या आत त्या गोळा करायला पळाल्या. थोरली नि धाकटी यांच्यात वर्षाचंच अंतर. केस आईने एकाच कात्रीने कापलेले, फ्रॉक एकाच कापडाचे. हाक मारायची वेळ आली की मी ‘अगं ए’ म्हणतो, जी वळेल ती आपली.

खूश आहे मी. इतकी वर्षं बिनडोक लोकांच्या हाताखाली काढली, आता सबंध शंखविभाग माझा. माझ्या आधी इथे एक बाई होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या. त्यांनी एकेका गोगलगाईच्या दहा-दहा प्रजाती करून ठेवल्यात. टोकाला ठिपका दिसला, नवी प्रजाती. ठिपका नाही दिसला, आणखी एक. अशा माणसांची संध्याकाळी घरी कोणी वाट पाहत नसावं. हा पसारा आवरायलाच मला आणलंय.

५ मार्च

काम सुरू केलं. नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. दोन प्रजाती मुळात एकच आहेत असं ठरलं, की आधी दिलेलं नाव कायम, नंतरचं रद्द. रद्द झालेल्या चिठ्ठीवर रेघ मारायची, तिचे शंख जुन्या खणात ओतायचे, विषय संपला.

आज डाव्या शंखांचा निकाल लावला. इथल्या बहुतेक गोगलगाईंचा शंख उजवीकडे वळतो, काहींचा डावीकडे. तेवढ्या भांडवलावर बाईंनी वेगळी प्रजाती थाटली होती! लिहून टाकलं: फरक नाही, जुनं नाव कायम.

कचेरीत कारकूनही दोन आहेत, एक जुना, एक नवा. काम एकापुरतं, तेही होत नाही. त्यांनाही इथेच नियम लावून टाकतो: जुना कारकून आणि नवा कारकून, फरक नाही, जुन्याचं नाव कायम. बायकोला वाचून दाखवलं. हसली नाही. तिला विनोद कळायला दोन दिवस लागतात.

६ मार्च

सकाळी मुलींपैकी एक रडत आली. बरणीत ठेवलेली तिची डावी गोगलगाय म्हणे बदलली. पाहिलं तर शंख उजवीकडे वळलेला. बाग पालथी घातली, डावा एकही नाही. खणातलेही सगळे उजवेच. काल मला डावे दिसले होते खरे, पण बाईंच्या चिठ्ठ्या वाचून डोळ्यांनी तसं मानून घेतलं असणार. चुकून उजवीच उचलली असशील, असं मुलीला समजावलं. ती जास्तच रडायला लागली.

नवा कारकून आला नाही. जुन्याला विचारलं तर तो तोंड वासून म्हणाला की नवा कुठला, तो पहिल्यापासून एकटाच आहे. टेबलही एकच मांडलेलं. शिपायालाही याने पढवून ठेवलेला. नव्या साहेबाची फिरकी घेतायत. इतका उत्साह कामात दाखवला असता तर या संग्रहालयाला जळमटं लागली नसती.

८ मार्च

बायकोने फर्मान सोडलं: एकीची दाढ दुखतेय, शाळेतून घ्या आणि दातांच्या डॉक्टरकडे न्या. नेली. डॉक्टरने बराच वेळ तपासून सांगितलं की दात ठणठणीत आहेत. न्यायची होती दुसरी! त्यावरून बायकोने जे तोंड सोडलं ते अजून बंद नाही. पोटच्या पोरी ओळखता येत नाहीत आणि निघाले गोगलगाई ओळखायला, वगैरे. जिला नेलं ती तरी बोलायची? तर म्हणे बाबा पहिल्यांदाच शाळेत न्यायला आले, म्हणून गप्प राहिली.

माझंही डोकं फिरलंय. बायकोच्या माहितीसाठी इथे रीतसर नोंद करून ठेवतो: थोरली आणि धाकटी, फरक नाही. थोरलीचं नाव कायम.

९ मार्च

तीनच ताटं वाढलेली. दुसरी कुठे आहे म्हणून विचारलं, तर बायको म्हणाली, दुसरी कोण?

कालचा राग काढतेय असं वाटलं. आतल्या खोलीत गेलो. पलंग एक. चपलांचा जोड एक. थोरली एकटीच भिंतीशी बसून बरणीशी खेळत होती. शाळेत विचारून आलो. वर्गशिक्षिका माझ्याकडे अशी पाहत होती जसा मी कारकुनाकडे पाहतो.

ही वही उलटी चाळली. डावे शंख. कारकून. मग मुली. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

१० मार्च

बाईंकडे गेलो. घर नातवंडांनी गजबजलेलं, आणि बाई एकेकाला वेगळ्या हाकेने बोलावतात. मला बसायला जागा करून दिली, आणि मी काय करून बसलोय ते ऐकून जराही चकित झाल्या नाहीत.

म्हणाल्या, त्यांच्या आधीचे साहेबही असेच होते, हुशार आणि रेघा मारायला उतावीळ. त्यांनी पुसलेलं परत आणण्यातच बाईंची सगळी नोकरी खर्ची पडली. त्या दहा-दहा प्रजाती त्यांनी केल्या नव्हत्या, परत आणल्या होत्या. फरक मला दिसला नाही म्हणजे तो नव्हता, असं मी कशावरून धरलं, असंही विचारलं.

उपाय आहे. एक फरक लिहायचा. खरा, आपल्या डोळ्यांनी पाहिलेला. लहान-मोठं हा फरक धरत नाहीत. आणि घाई करा, म्हणाल्या. रेघ मारणाऱ्याला सगळ्यात शेवटपर्यंत आठवतं, पण त्यालाही कायमचं नाही.

११ मार्च

आधी करून पाहिलं. लिहिलं: शंखाचं तोंड डावीकडे. चहा होईपर्यंत भिंतीवर डाव्या गोगलगाई चालत होत्या.

मग नवा कारकून. लिहिलं: नाकात बोलतो, दर वाक्याला ओठ चाटतो, दुसऱ्याच्या पेनाचं टोपण चावतो. कचेरीत गेलो तर टेबलाशी बसून माझंच टोपण चावत होता. मिठी मारणार होतो त्या गाढवाला.

आता धाकटी. सोपं आहे. आपलीच पोर आहे.

१२ मार्च

सुचत नाही.

डोळे — थोरलीसारखे. आवाज — तसाच. हसताना ती — कधी पाहिलं मी तिला हसताना?

ही वही पुन्हा पुन्हा वाचतोय. ‘मुली पळाल्या.’ ‘मुलींपैकी एक रडत आली.’ ‘एकीची दाढ.’ ‘जिला नेलं ती.’ कोण? अरे मूर्खा, कोण? कारकुनाने चावलेलं टोपण दिसलं तुला. त्याची घाण वाटायची म्हणून त्याच्याकडे निदान पाहिलंस तरी. पोरीकडे तेवढंही नाही.

१३ मार्च

लिहिलं: धाकटीच्या गालावर तीळ. वाट पाहिली. काही नाही. केस कुरळे — नाही. थापा चालत नाहीत.

थोरलीला समोर बसवलं. डावी गोगलगाय कोणाची? माझी, म्हणाली. दाढ कोणाची दुखत होती? माझी. मग डॉक्टरकडे नेलं ती? मीच होते बाबा, तुम्ही पहिल्यांदाच आला होतात ना.

सगळं तिचंच झालंय.

१४ मार्च

बाईंकडे पुन्हा — काय विचारायला आलो ते दारातच आठवेना. त्यांनी हात धरून बसवलं. रडत होत्या. का ते —

परत आल्यावर वही वाचली. धाकटी. बरोबर. धाकटी. हा शब्द हातावर लिहून ठेवलाय.

१५ मार्च

हात धुतला. कशाची तरी शाई होती.

आज बरं वाटतंय. कचेरी ठीक. दोन्ही कारकून हजर. बायको वैतागलीय, म्हणते एकुलत्या एक पोरीला सारखं थोरली काय म्हणता? खरंच की. कुठून लागली ही सवय. तोंडात तेच येतं, सोडायला हवं. आत्तासुद्धा तशीच हाक मारली आणि ती वळलीच नाही, दाराकडे बघत राहिली, कोणी यायचं असल्यासारखी. म्हणाली, बाबा, थोरली म्हणजे काय? सोपं आहे, म्हटलं. थोरली म्हणजे मोठी. मोठी म्हणजे कोणाहून तरी —