वेदिकाचा डबा परत करण्याबाबत

मी, सानिका विश्राम नागवेकर, वय एकोणतीस, धंदा शिवणकाम आणि फॉल-पिको, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. उलट लिहू नको असे तिघांनी सांगितले आहे. मंगळवारी, चौदा तारखेला, माझ्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीने काढायचे आहेत. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी घरी. पण सहीसाठी त्यांनी जो कागद पुढे केला त्यावर काय काय होऊ शकते ते अकरा ओळींत छापलेले होते, आणि मी तो दोनदा वाचला. मालन आत्या म्हणाली, "अगो, तसं तर औषधाच्या पुडीवर पण लिहिलेलं असतं. म्हणून गोळी घ्यायची थांबतं काय कोण?" मी गोळीसुद्धा पुडीवरचे वाचूनच घेते, हे तिला माहीत आहे.

शिवाय दिवाळी तोंडावर आहे. माझ्या भेटवस्तू तयार आहेत. मी नसले तर कोणती कोणाची ते कोणाला कळणार नाही. हे लिहिण्याचे मुख्य कारण ते आहे.

कलम १. घर माझे नाही, आत्याचे आहे. आईवडील मुंबईला असल्याने तिनेच मला वाढवले. त्यामुळे घराविषयी मला काही लिहिण्याचा अधिकार नाही. फक्त खिडकीखालची जागा, जिथे माझे मशीन असते, तिथे फ्रीज ठेवू नये अशी विनंती आहे. बँकेत जे असेल ते आत्याचे.

कलम २. भांडी. लहानपणी दम्यामुळे मला आठव्या वर्षापर्यंत शाळेत घातले नव्हते. आत्याने मला अक्षरे शिकवली ती डब्यांवरून. आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असते, आणि दिवाळीत या घरचा डबा त्या घरी जात असल्याने आमच्या स्वयंपाकघरात सगळी मांडवी वाचायला मिळे. मी वाचलेला पहिला शब्द 'कमळा'. शेजारच्या कमळाकाकूंचा लाडवांचा डबा होता तो. आत्या म्हणाली, "वाचलंस ना? आता परत करून ये. आणि रिकामा नको हां." आमच्या घरचा नियम असा की आलेला डबा आठ दिवसांत परत जातो आणि रिकामा कधीच जात नाही. काही नसेल तर मूठभर तांदूळ, नाहीतर एक नारळ. मी हा नियम आयुष्यात एकदाच मोडला आहे. त्याबद्दल कलम ७ मध्ये.

माझ्या नावाचे सहा डबे आत्याला.

कलम ३. हत्यारे. मशीन आत्याला, तिने ते विकले तरी माझी हरकत नाही, पण घेणाऱ्याला सांगावे की पायाने हलवायचा पायटा तेलावाचून कोरडा पडला की ते रडते. मोठी कात्री माझी मैत्रीण श्रद्धा हिला. तिने त्या कात्रीने कापडाशिवाय काही कापू नये. दुधाची पिशवी तर नाहीच. टेप, खडू, बॉबिनचा डबा, सुयांची उशी, ज्याला हवी त्याला. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे अंगुस्तान माझ्याकडे नाही. बाजारात मिळतात ती सगळी पुरुष शिंप्यांच्या मापाची असतात आणि माझ्या बोटातून गळून पडतात. म्हणून ते यादीत नाही. कोणी हरवले असे समजू नये.

कलम ४. भेटवस्तूंची वही. ही निळ्या पुठ्ठ्याची असून मशीनच्या खणात आहे. ओळखीच्या एकेका माणसाला मी तिच्यात एकेक पान दिले आहे. ते माणूस वर्षभरात सहज बोलता बोलता काय म्हणाले, कशाने अडले, काय शोधत होते, ते मी तिथे लिहिते. दिवाळीच्या आधी पान उघडते. हे मला आत्याने शिकवले. ती म्हणते, जे माणूस स्वतःसाठी कधी घेणार नाही पण ज्याच्यावाचून त्याचे रोज अडते, ते द्यावे. मोठे देऊ नये, कारण मोठ्याने समोरच्याला ओशाळे वाटते. आणि देताना 'मी लक्ष ठेवले होते' असे सांगू नये.

शेवटचे मला जमत नाही. मी सांगत नाही, पण कोणीतरी ओळखावे असे मला वाटते.

कलम ५. या वर्षीच्या वस्तू पुढीलप्रमाणे द्याव्यात.

कमळाकाकू मासे विकतात आणि ओल्या हाताने फोन उचलतात, त्यामुळे त्यांचे दोन फोन गेले. त्यांच्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची गळ्यात अडकवायची पिशवी आहे. फोन आत ठेवूनच दाबता येतो. मी माझा हात ओला करून पाहिले आहे.

पोस्टमन गौरव यांना आमच्या गल्लीतली कुत्री आवडत नाहीत आणि कुत्र्यांना ते. त्यांच्यासाठी पट्ट्याला लावायची छोटी थैली, आत बिस्किटे. बिस्किटे कुत्र्यांची आहेत हे त्यांना आवर्जून सांगावे.

श्रद्धा एसटीत कंडक्टर आहे, बहुतेक खेडच्या गाडीवर. पाचवीपासूनची माझी मैत्रीण. तिच्या बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावर रुततो. ती सांगत नाही, पण ब्लाउजचे माप घेताना मला वळ दिसतो. तिच्यासाठी पट्ट्यावर चढवायची खाकी रंगाची मऊ गादी शिवली आहे.

बाबूकाका कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि दिवसातून चार वेळा चष्मा शोधतात. त्यांच्यासाठी विणलेली दोरी. परंतु हा मसुदा दाखवायला मी गेले तेव्हा ते म्हणाले, "मी साक्षीदार होणार ना? मग यातून मला काही मिळता कामा नये. ज्याला मिळतं त्यानं साक्ष घालू नये, उद्या लोक बोट दाखवतात." मी म्हटले, मग दोरीचे काय? ते म्हणाले, "ती आत्ताच दे. मी कशाला तुझ्या मरणाची वाट बघत बसू?" दोरी दिली. सध्या त्यांच्या गळ्यात आहे. म्हणून ती या मृत्युपत्रातून वगळावी.

इतरांच्या वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत.

कलम ६. हे कलम कशाचे वाटप करीत नाही, पण ते असल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आंजर्ल्याहून वेदिका नावाची मुलगी आमच्या शेजारच्या दागिन्यांच्या दुकानात कामाला लागली आणि श्रद्धाकडे भाड्याने राहू लागली. ती दिसायला चांगली आहे, हे मी लिहिले नाही तर खोटेपणा होईल. ती मोठ्याने हसते. तिला कोणाचे काही लिहून ठेवावे लागत नाही. पहिल्याच दिवाळीला तिने श्रद्धाला चहाचा लहान थर्मास दिला, गाडीच्या खिळ्याला अडकवता येईल असा पट्टा लावलेला. श्रद्धाचा चहा डेपोत गार होतो हे माझ्या वहीत ऑगस्टपासून होते. मी तिला त्या वर्षी रुमाल दिले. श्रद्धा मला म्हणाली, "वेदिकाला कसं सुचतं गो!" रुमालांबद्दल ती "छान आहेत" म्हणाली. हे वाक्य मी वहीत लिहिले नाही, पण पाठ आहे.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात वेदिका फॉल लावायची साडी घेऊन माझ्याकडे आली. श्रद्धा सोबत होती. मी सुई ओवत होते. वेदिकाने टेबलावरचा लाल दोरा उचलला, माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळला, दाताने तोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बोट आहे की अगरबत्ती गो?" श्रद्धा हसून हसून स्टुलावर बसली. माझ्या मैत्रिणीला मी कधी इतके हसवू शकले नाही. दोराही वेदिकाने परत दिला नाही.

कलम ७. त्या दिवाळीला, म्हणजे २०२३ साली, वेदिकाने श्रद्धाच्या हाती माझ्यासाठी एक डबा पाठवला. स्टीलचा, मध्यम, तळाला 'वेदिका' असे नाव. मी तो उघडला नाही. माळ्यावर कापडाच्या गाठोड्यांमागे ठेवून दिला आणि आत्याला सांगितले की परत केला. आत्याशी मी एवढे एकच खोटे बोलले आहे. त्यानंतर वेदिका माझ्याकडे काही शिवायला घेऊन आली नाही, यावरून तिच्या मनात काय होते ते दिसतेच.

माझ्या पश्चात आत्याने त्यातला फराळ फेकून द्यावा, डबा घासावा आणि वेदिकाला परत द्यावा. रिकामा. आमच्या घरातून गेलेला हा पहिला रिकामा डबा असेल, हे तिला समजेल अशा रीतीने द्यावा.

कलम ८. निळी वही जाळावी. ती वेदिकाच्या हाती लागू नये.

येथपर्यंत गुरुवारी, नऊ तारखेला लिहून झाले. पुढचे दुरुस्तीचे आहे. वरचे मी खोडणार होते, पण बाबूकाका म्हणाले, "खाडाखोड नको. बदललं असेल तर खाली नवं कलम घाल, वरचं तसंच राहू दे." म्हणून ते तसेच राहिले आहे आणि मला त्याची लाज वाटते.

कलम ९. बाबूकाकांनी कलम ७ वाचून चष्मा काढला, म्हणजे दोरीवर सोडला, आणि विचारले, "आत काय आहे?"

"फराळ असणार."

"असणार म्हणजे? वस्तू दुसऱ्याला द्यायची तर तिचं वर्णन लागतं. न बघता लिहितेस? तू?"

मला ते लागले. शुक्रवारी सकाळी मी माळ्यावरून डबा काढला. झाकण निघेना, उलथन्याने काढावे लागले. आत शंकरपाळे होते, दोन वर्षांचे, खवट वासाचे. ते मी कागदावर ओतले तेव्हा मधून एक पुडी पडली. तिच्यात चांदीचे अंगुस्तान होते, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला, गाठ मारलेला माझा लाल दोरा.

ते मी उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातले. हात खाली केला. पडले नाही.

एवढे बारीक माप दुकानात तयार मिळत नाही. त्या दोऱ्याच्या मापाने कारागिराकडून करून घेतलेले होते. मला आठवेना की बाजारातले मला बसत नाही हे मी तिला कधी सांगितले. मग आठवले: सांगितले नव्हतेच. तिने माझ्या बोटावरची सुईची भोके पाहिली असणार.

नंतर मी निळी वही काढली. तेवीस माणसांची पाने भरली आहेत. चोविसावे वेदिकाचे. त्यावर तिने कोणाला काय दिले, कोण काय म्हणाले, याची दोन वर्षांची यादी आहे, तारखांसकट. तिला काय हवे, ती कशाने अडते, याची एक ओळ नाही. मी तिच्याकडे सगळ्यांत जास्त पाहिले आणि मला तिच्याविषयी काहीच माहीत नाही.

कलम १०. म्हणून कलम ७ रद्द. डबा रिकामा देऊ नये. कलम ८ सुद्धा रद्द, वही जाळू नये. अंगुस्तान यादीत नाही असे कलम ३ मध्ये लिहिले ते आता खरे नाही. ते आहे, आणि मी ते कोणाला देत नाही.

डब्यात काय भरून द्यावे ते मला लिहिता येईना. तांदूळ, नारळ कोणालाही देतात. शुक्रवारी सगळा दिवस त्यात गेला. शेवटी आज शनिवारी दुपारी मी श्रद्धाला फोन केला आणि दोघींना बोलावले. डबा घासून टेबलावर ठेवला होता. बाबूकाका सहीसाठी आधीच येऊन बसले होते.

वेदिकाने माझ्या बोटाकडे पाहिले. "बसलं? दोन वर्षं झाली, काय बोलली नाहीस. मला वाटलं, आवडलं नाही. म्हणून मग मी यायचीच बंद झाले."

मी म्हटले, "मी डबा काल उघडला."

"काल?" तिने श्रद्धाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अगो, आईच्या हातचे शंकरपाळे होते त्यात! आंजर्ल्याहून आलेले!"

श्रद्धा हसू लागली. या वेळीही माझ्यावरच, आणि तरी मला तितके वाईट वाटले नाही. मी वेदिकाला विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, "असं विचारून देतात काय कोण? शोध की." हे बोलताना ती डावा पाय सारखा चपलेतून काढत होती. मी पाहिले आहे. अजून वहीत लिहिलेले नाही.

मृत्युपत्रात खोटे लिहू नये, म्हणून माझा हेवा गेला असे मी लिहीत नाही. उलट आता तो वाढला आहे. जे मला इतकी वर्षे कोणीतरी करावे असे वाटत होते ते तिने केले, आणि माझ्याआधी केले.

दुसरा साक्षीदार मिळालेला नव्हता. आत्या, श्रद्धा यांना यातून मिळते. वेदिका म्हणाली, "मी घालते सही." बाबूकाका म्हणाले, "घाल, पण मग तुला यातून काही नाही हां. रिकामा डबा पण नाही." ती म्हणाली, "नकोच मला यातलं."

तेव्हा तिचा डबा मी या मृत्युपत्रातून काढून घेत आहे. जे द्यायचे ते मला स्वतः जाऊन द्यावे लागेल. बुधवारी घरी सोडणार आहेत; आठ दिवस तिथून मोजावेत.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. कलम ६ वाचताना आवाज लहान झाला, पण गाळले काही नाही. सही त्यांच्या डोळ्यांदेखत केली.

सही: सानिका विश्राम नागवेकर

साक्षीदार १: बाबू रामचंद्र शिवलकर, मांडवी. सानिकाने माझ्यासमोर सही केली. खाडाखोड नाही.

साक्षीदार २: वेदिका दत्ताराम आंजर्लेकर, सध्या राहणार मांडवी. माझ्यासमोर सही केली. शंकरपाळे फुकट गेले त्याची नोंद असावी. डबा मी रिकामा घेणार नाही.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५