सहाचं चार कुणी केलं

काका,

दुपारपासून एका जागी बसवत नाही. भाकरीचं पीठ मळलं, तसंच झाकून ठेवलं. गावच्या शेतकी सोसायटीचा जुना कॉम्प्युटर मोडीत काढायचाय, म्हणून बीडहून एक मुलगी आली होती. आतलं जुनं वेळापत्रक नि त्यातल्या बदलांच्या नोंदी उघडून तिनं विचारलं, "मावशी, छावणीच्या यादीची वेळ सहाची चार कुणी केली होती?" तिला उत्तर दिलं नि घरी आले. ते उत्तर काही पाठ सोडत नाही.

ह्यांच्या माघारी सोसायटीत मला तुम्हीच घेतलं. सचिव असून शेजारी बसून माउस धरायला शिकवलं. दुष्काळात आपली जनावरांची चारा छावणी लागली, तेव्हा नोंदी माझ्याकडे दिल्या. दिवसभरात आलेली जनावरं मी कॉम्प्युटरात चढवायची. संध्याकाळी सहाला ती यादी आपोआप जिल्ह्याच्या सर्व्हरवर जायची, आणि तिच्यावरून दुसऱ्या दिवशीचा चारा सुटायचा. "यादी जाताना समोर बसायचं," तुमचा दंडक. "आपोआप म्हंजी बिनमाणसाचं न्हाई, बाई." आणि वाचनालय बंद व्हायचं साडेपाचला. माझी कादंबरी अर्धी राहिली होती, काका. मी सहाचं चार केलं. मागून येतील ती जनावरं सकाळी चढवू, असं मनाशी म्हटलं.

लांबून चालत येणारी जनावरं दिवस कलतानाच पोचतात. तेलगावकडची एक बाई दोन गाई घेऊन तशीच आली. मी सकाळी चढवल्या, यादी चारला गेली, म्हणजे चारा तिसऱ्या दिवशी. शेजाऱ्यांनी मूठमूठ घातला, तेवढ्यानं काय होतंय? एक गाय बसली ती उठलीच नाही. ती बाई सोसायटीच्या दारात येऊन उभी राहिली, पदर खोचलेला.

"कावून वं, माझ्या गाईचं नाव तुमच्या डब्यात न्हाई?"

"कॉम्प्युटरमधी बिघाड हाय," मी म्हटलं.

"त्याला पोट न्हाई. तुला तरी हाय का?"

तुम्ही आतून आलात, हात जोडलेत. "बिघाड न्हाई, माय. वेळ मीच चुकीची टाकली."

छावणीचं काम तुमच्याकडून काढून घेतलं. जाण्याआधी तुम्ही वेळ पुन्हा सहा केली आणि मला एवढंच म्हणालात, "पुस्तक मी आणून देत जाईन." म्हणजे तुम्हाला कळलं होतं. दर गुरुवारी आणत राहिलात, अंथरूण धरेपर्यंत. मी घेत राहिले, वाचत राहिले. कबुलीचा एक शब्द तोंडातून निघाला नाही.

आज त्या मुलीला मी म्हणाले, "आमचे सचिव होते, त्यांनी."

"म्हातारे असतील," ती हसली.

मीही हसले, काका.

उद्या ती उरलेलं काम करायला येणार आहे. तिला खरं सांगेन, असं वर एक वाक्य लिहिलं होतं. तुम्ही आता नाही, हा कागद कुठंच जायचा नाही, तरी ते खोडलं.